पादोवातली भिंत

धाकट्या बहिणीने सलग तीन वर्षं आग्रह केला, तेव्हा कुठे गेल्या मे महिन्यात इटलीला जाण्याचा योग आला. मेहुणे पादोवा शहराबाहेर शीतगृहांची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर आहेत. आमच्या रत्नागिरीकडच्या बऱ्याच घरांतून कोणी ना कोणी जहाजावर नाहीतर आखातात असतोच, पण इटलीत स्थायिक झालेलं आमच्या खानदानातलं हे पहिलंच घर. मुंबईहून आखातात विमान बदलून व्हेनिस आणि तिथून आगगाडीने अर्ध्या तासात पादोवा. व्हेनिसचं पाणी मी गाडीच्या खिडकीतूनच पाहिलं. बहीण म्हणाली, ‘‘आपा, तिथे नंतर जाऊ. आधी माझं एक काम आहे तुमच्याकडे.’’

ते काम काय, हे तिने दोन दिवस सांगितलं नाही.

पादोवा फिरायला सोपं आहे. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना कमानींच्या पडव्या, त्यामुळे पावसात छत्री नसली तरी चालतं. कोकणात अशा पडव्या कुणी बांधल्या असत्या तर किती बरं झालं असतं. म्हाताऱ्या बायका सायकलवर भाजी आणतात. स्टेशनजवळ बांगलादेशी भावांची दुकानं आहेत. तिथे हलाल मटण, मसूर आणि हिरव्या मिरच्या मिळतात. जुम्माची नमाज ज्या जागी होते ते पूर्वी गोदाम होतं. आत गेल्यावर कळतं की मशीद आहे, बाहेरून काही कळत नाही. इटलीतल्या बहुतेक शहरांत हीच तऱ्हा आहे, असं मेहुणे म्हणाले. मिनार असलेल्या मशिदी तिथे बोटांवर मोजण्याइतक्या.

आपल्याकडे मे महिना म्हणजे सुट्टी, पण तिथे शाळा जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालतात. भाचा तिसरीत आहे, सरकारी प्राथमिक शाळेत. वर्षाच्या शेवटी मुलांनी केलेलं काम पाहायला पालकांना बोलावतात, त्या दिवशी बहिणीने मलाही नेलं. शिक्षकाला दुसऱ्याच्या शाळेत जायला मिळणं म्हणजे सुगरणीला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावायला मिळण्यासारखं आहे. मी आधी बाकं पाहिली, मग खिडक्या, मग मुलांच्या वह्या. मुलांनी नदीचा उगम ते मुख असा मोठा तक्ता केला होता. कोपऱ्यात कुंडीत घेवड्याचे वेल होते. हा प्रयोग आमच्याकडेही करतात, फक्त आमच्याकडे मटकी असते.

मग नजर फळ्याच्या वर गेली. घड्याळाच्या शेजारी लाकडी क्रूस होता आणि त्यावर हजरत ईसांची म्हणून वीतभर मूर्ती. हात पसरलेले, मान झुकलेली.

भाच्याने माझा हात ओढला आणि मराठीत म्हणाला, ‘‘खाला, तेच ते.’’

घरी आल्यावर बहिणीने सगळं सांगितलं. फेब्रुवारीत एक दिवस भाच्याने वर्गात सांगून टाकलं होतं की हे खरं नाही, ईसा अलैहिस्सलाम क्रूसावर गेलेच नाहीत, अल्लाहने त्यांना उचलून घेतलं. पोराने काही चुकीचं सांगितलं नाही. सूरह निसामध्ये जे आलं आहे तेच त्याने नाझरा शिकवणाऱ्या उस्तादांकडून ऐकलं होतं. पण शेजारच्या बाकावरची मुलगी रडू लागली. तिची आजी नुकतीच वारली होती आणि ती त्याच ईसांकडे गेली, असं तिला घरी सांगितलेलं. बाईंनी बहिणीला बोलावून घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, त्याने सांगितलं ते त्याच्या घरी मानतात, तिने ऐकलं ते तिच्या घरी मानतात, हे मी दोघांना समजावलं. तुम्हीही घरी समजवा.

इथपर्यंत ठीक होतं. पण मेहुण्यांच्या मनाने घेतलं की आता शाळेला रीतसर अर्ज द्यायचा: वर्गातला क्रूस काढा. कायदा आपल्या बाजूने आहे, असं त्यांना कारखान्यातल्या कुणी सांगितलं होतं. बहिणीला ते नको होतं. नवराबायकोचं तीन महिने यावर बोलणं बंद-सुरू चाललं होतं. ‘‘तुम्ही बीएड आहात, वीस वर्षं शाळेत आहात,’’ बहीण म्हणाली, ‘‘तुम्ही सांगाल तसं करू.’’

मला घाम फुटला. मी उर्दू आणि मराठी शिकवते, इटलीचा कायदा नाही. पण विषय निघाल्यावर कळलं की याच विषयावर इटलीत तीस-पस्तीस वर्षं वाद चालला आहे, आणि त्यातला सर्वांत गाजलेला खटला ज्या शाळेतून उभा राहिला ती शाळा पादोवापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. आबानो तेर्मे हे त्या गावाचं नाव. मी म्हटलं, आधी तिथे जाऊन येऊ.

आबानो हे गरम पाण्याचं गाव. आपल्या संगमेश्वर तालुक्यात तुरळ, अरवलीला जसे गरम पाण्याचे झरे आहेत, तसेच. पण इथे पाणी ऐंशी अंशांहूनही गरम वर येतं आणि त्यावर दोन हजार वर्षांपासून, रोमन लोकांच्या काळापासून, गावाचं पोट भरतं आहे. सांधेदुखीवर चिखलाचे लेप लावतात. हॉटेलांमागून हॉटेलं. सकाळी अकरा वाजता पांढरे अंगरखे घातलेले जर्मन आजी-आजोबा बागेतून चालले होते. मागे एयुगानेई टेकड्या, हिरव्यागार, शंकूसारख्या. अशा शांत गावातून युरोपभर गाजलेलं भांडण निघालं यावर विश्वास बसत नाही. पण आमच्याकडेही मोठी भांडणं लहान गावांतूनच निघतात.

सोइले लाउत्सी या मूळच्या फिनलंडच्या बाई लग्नानंतर इथे राहायला आल्या. त्यांची ११ आणि १३ वर्षांची दोन मुलं २००१-०२ साली इथल्या ‘वित्तोरीनो दा फेल्त्रे’ या सरकारी शाळेत होती. प्रत्येक वर्गात क्रूस. लाउत्सी आणि त्यांचे पती कोणताही धर्म मानत नव्हते. एप्रिल २००२ मध्ये शाळेच्या समितीच्या सभेत पतीने प्रश्न विचारला की सरकारी शाळेत हा क्रूस कशासाठी? मे महिन्यात शाळेच्या समितीने ठराव केला की क्रूस राहील. जुलैत बाई कोर्टात गेल्या.

शाळेबाहेर मी पाच मिनिटं उभी राहिले. मुलांचा गलका ऐकू येत होता. तो सगळीकडे सारखाच. शाळा ज्यांच्या नावाने आहे ते वित्तोरीनो पंधराव्या शतकातले मोठे शिक्षक. मांतुआच्या राजघराण्यातल्या मुलांबरोबर त्यांनी गरिबांची मुलंही एकाच घरात शिकवली आणि त्या घराला ‘आनंदघर’ असं नाव दिलं. बीएडला आम्हाला फ्रोबेल, पेस्टालॉझी शिकवले; हे गृहस्थ का नाही शिकवले कोण जाणे.

आता हा क्रूस वर्गात आला कुठून? मेहुण्यांनी रात्री बसून इटालियन कागद वाचून दाखवले तेव्हा मजेशीर गोष्टी कळल्या. इटली हे एक राष्ट्र होण्याआधी, १८६० मध्ये पिएमोन्ते-सार्डिनियाच्या राजाने फर्मान काढलं की प्रत्येक शाळेत क्रूस असावा. त्या वेळी कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्मच होता. पुढे मुसोलिनीच्या अमलात, १९२४ मध्ये दुसरं फर्मान आलं: प्रत्येक शाळेत राष्ट्रध्वज, आणि प्रत्येक वर्गात क्रूस व राजाची तसबीर. १९२८ मध्ये वर्गातल्या सामानाची यादी झाली, त्यात बाकं, फळा यांच्याबरोबर क्रूसही होता. १९४६ मध्ये लोकांनी मतदान करून राजाला घालवलं; त्याची तसबीर भिंतीवरून उतरली. १९४८ मध्ये नवी राज्यघटना आली. १९८४ मध्ये पोपशी नवा करार होऊन कॅथलिक धर्म राज्याचा धर्म राहिला नाही. १९८९ मध्ये इटलीच्या घटना न्यायालयाने सांगितलं की धर्मनिरपेक्षता हे राज्यघटनेचं मूलभूत तत्त्व आहे. पण भिंतीवरचा तो एक खिळा मात्र कुणी काढला नाही.  सामानाची यादी तेवढी चालू राहिली.

लाउत्सींच्या खटल्यात २००५ मध्ये व्हेनेतो प्रांताच्या न्यायालयाने जो निकाल दिला, तो ऐकताना माझ्या हातातला चहा थंड झाला. न्यायालय म्हणालं, क्रूस हा केवळ धर्माचं चिन्ह नाही. तो इटलीच्या इतिहासाचं, संस्कृतीचं आणि ओळखीचं चिन्ह आहे. समता, स्वातंत्र्य, सहिष्णुता, एवढंच नव्हे तर धर्मनिरपेक्षतेचंही ते चिन्ह आहे. म्हणून त्याने कुणाला बाधा येत नाही.

हे वाक्य मी ऐकलं होतं. इटालियनमध्ये नव्हे, मराठीत.

बीएडच्या वेळी सराव पाठांसाठी मला एका मराठी शाळेत पाठवलं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीपूजन होतं. सरस्वतीच्या तसबिरीपुढे दिवा लावून फूल वाहण्याचा मान त्या वर्षी प्रशिक्षणार्थी शिक्षकांना द्यायचं ठरलं आणि माझं नाव पुकारलं गेलं. मी जागेवरच उभी राहिले. मुख्याध्यापक मोठ्या मायेने म्हणाले, ‘‘अगं ये, यात धर्म कुठे आला? ही आपली संस्कृती आहे.’’ त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी तेव्हाही जाणत होते. मी गेले, फूल ठेवलं, हात न जोडता मागे फिरले. दोन दिवस जेवण गेलं नाही. अब्बांना मी हे कधीच सांगितलं नाही. ते आता नाहीत, म्हणून इथे लिहिते आहे. मला अडचण त्या तसबिरीची नव्हती, मुलं तिच्यापुढे हात जोडतात याचीही नव्हती. माझ्या श्रद्धेत जे बसत नाही त्याला ‘हे धर्मात येतच नाही’ असं नाव दिलं की मला नाही म्हणण्याची जागाच उरत नाही, ही अडचण होती. धर्म म्हटलं असतं तर नम्रपणे नाही म्हणता आलं असतं. संस्कृती म्हटल्यावर नाही म्हणणारी मी देशाबाहेरची ठरते.

आपल्या राज्यघटनेचं कलम २८ सांगतं की संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, आणि सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कुणालाही त्याच्या, आणि मूल लहान असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही. नाशिकच्या एका शिक्षकांनी शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. सराव पाठ घेणाऱ्या त्या मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. कलम २८ बीएडच्या पुस्तकात होतं, परीक्षेत त्यावर चार गुणांचा प्रश्नही आला होता, आणि मी तो सोडवला होता.

लाउत्सी पुढे फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला, युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या. नोव्हेंबर २००९ मध्ये सात न्यायाधीशांनी एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि पाच हजार युरो भरपाईही. इटलीभर गदारोळ उठला. सरकारने अपील केलं. आर्मेनिया, ग्रीस, रशिया, माल्टा अशी आठ राष्ट्रं इटलीच्या बाजूने उभी राहिली, आणि त्यांची बाजू मांडली ती जोसेफ वाइलर या ज्यू प्राध्यापकांनी, डोक्यावर आपली यहुदी टोपी घालून! १८ मार्च २०११ रोजी मोठ्या पीठाने १५ विरुद्ध २ मतांनी निकाल फिरवला. क्रूस धार्मिक चिन्ह आहे हे त्यांनी मान्य केलं, पण भिंतीवरचा क्रूस काही शिकवत नाही, काही करायला लावत नाही, तो एक मूक, निष्क्रिय चिन्ह आहे, असं म्हटलं.

आणि इथे वाचक भगिनींनो, आपल्या कामाची एक गोष्ट आहे. याच न्यायालयापुढे २००१ मध्ये जिनिव्हाच्या एका प्राथमिक शिक्षिकेचं प्रकरण आलं होतं. तिने इस्लाम स्वीकारला होता आणि ती डोक्यावर स्कार्फ घालून शिकवत असे. पालकांची तक्रार नव्हती, मुलांना काही शिकवल्याचा आरोप नव्हता. तरी न्यायालयाने तिच्याविरुद्धचा बंदीहुकूम योग्य ठरवला, कारण स्कार्फ हे लहान मुलांवर परिणाम करणारं प्रभावी बाह्य चिन्ह आहे. न्यायालयाने दोन्ही प्रकरणं वेगळी का, याची कारणं दिली आहेत आणि मी ती मेहुण्यांकडून दोनदा वाचून घेतली. वीस वर्षं डोक्यावर ओढणी घेऊन शिकवणाऱ्या मला ती पटली नाहीत. भिंतीवर सरकारने लावलेलं चिन्ह मूक, आणि बाईने स्वतःच्या डोक्यावर घेतलेलं वस्त्र बोलकं!

पण त्याच २०११ च्या निकालात दुसरंही लिहिलं आहे. क्रूस चालेल हे म्हणताना न्यायालयाने इटली सरकारचं म्हणणं नोंदवलं की इथे मुसलमान मुलींना शाळेत स्कार्फ घालायला मनाई नाही आणि बऱ्याच शाळांत रमजानची सुरुवात व शेवट साजरे होतात. बहिणीची शेजारीण मोरोक्कोची आहे. तिची मोठी मुलगी स्कार्फ घालून माध्यमिक शाळेत जाते. त्या बाई अर्जाचं ऐकून घाबरल्याच. त्यांचा भाऊ फ्रान्समध्ये असतो. तिथे सरकारी शाळेच्या भिंतीवर काहीच नाही, आणि २००४ च्या कायद्याने मुलींच्या डोक्यावरही काही नाही. २०२३ पासून लांब अबायासुद्धा नाही. ‘‘भिंत रिकामी करायला सांगाल,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तर उद्या माझ्या पोरीचं डोकंही रिकामं करतील.’’ दोन्हींचा न्याय एकच आहे का, यावर वाद घालता येईल. पण ज्या आईची मुलगी रोज सकाळी स्कार्फ बांधून बाहेर पडते तिच्याशी मी वाद घातला नाही.

मेहुण्यांना मी आणखी एक आठवण करून दिली, जी त्यांनीच मला वाचून दाखवली होती. २००३ मध्ये आदेल स्मिथ नावाच्या एका मुसलमान नेत्याने ओफेना गावातल्या शाळेतून क्रूस काढण्याचा हुकूम लाक्विलाच्या कोर्टातून मिळवला. हुकूम टिकला नाही. पण देशभर राग उसळला तो सगळ्या मुसलमानांवर, आणि इटलीतल्या अनेक मुस्लिम संस्थांना आम्ही यांच्याबरोबर नाही असं सांगावं लागलं. उलट नाताल्या गिन्झबर्ग या ज्यू घराण्यातल्या लेखिका; त्यांनी १९८८ मध्येच लेख लिहून क्रूस राहू द्या असं म्हटलं होतं. म्हणजे या वादात कोण कुठे उभा आहे हे नावावरून ओळखता येत नाही.

मधल्या एका दिवशी बहिणीने मला जोट्टोची चित्रं दाखवायला नेलं. स्क्रोवेन्यी नावाच्या सावकार घराण्याचं ते छोटं प्रार्थनाघर. चित्रं १३०५ च्या सुमारास पूर्ण झालेली. आधी एका काचेच्या खोलीत बसवतात, हवा स्वच्छ होते, मग थोडक्या लोकांना आत सोडतात, तेही पंधरा मिनिटं. छत गर्द निळं, त्यावर सोनेरी तारे. मी चित्रांकडे पाहायला संकोचत होते, पण भिंतीवर हजरत मरयम यांचं बालपण दिसलं आणि पाय थांबले. आईवडिलांना मूल नाही, मग लेक होते, मग तिला इबादतखान्यात सोपवतात. तपशील आपल्यापेक्षा वेगळे आहेत, नावंही. पण कहाणी माझ्या ओळखीची होती. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, ती ही कहाणी सांगायची.

मग कपड्यांच्या किनारींवर नजर गेली. तिथे अक्षरं होती! सोनेरी, पूर्वेकडच्या लिपीसारखी. मी उर्दूची शिक्षिका, सवयीने उजवीकडून वाचू लागले. एकही अक्षर लागेना. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, यात काही लिहिलेलं नाही. त्या काळी पूर्वेकडून येणाऱ्या किमती कापडांवर लिपी असायची. इथल्या चित्रकारांना ती सुंदर वाटली, म्हणून त्यांनी अक्षरांसारखी नक्षी काढली. पंधरा मिनिटं संपली, बाहेर आलो, तरी मी त्याच विचारात. कुणाचा तरी कलाम असेल, कुणाचं नाव असेल. इथे येईपर्यंत ती किनार झाली. क्रूस म्हणजे ‘आमची संस्कृती’ असं कोर्ट म्हणतं तेव्हा त्याचंही असंच होत असेल का? मनापासून मानणाऱ्या ख्रिस्ती माणसाला ते कसं वाटत असेल? पादोवातल्या संत अंतोनींच्या चर्चमध्ये मी पाहिलं, लोक कबरीच्या दगडाला तळहात टेकवून उभे होते, आजारी मुलांचे फोटो ठेवत होते. आमच्या हातिसच्या दर्ग्यात उरुसाला दिसतात तेच चेहरे. त्यांना कुणी जाऊन सांगावं की हे इतिहासाचं चिन्ह आहे.

तसं संस्कृतीचंच म्हणाल तर पादोवाच्या विद्यापीठात, जे १२२२ पासून चालू आहे आणि जिथे गॅलिलिओने १८ वर्षं शिकवलं, तिथे शतकानुशतकं अॅरिस्टॉटल शिकवला जात होता तो इब्न रुश्द यांच्या भाष्यांवरून. कुर्तुब्याचा तो मुसलमान काझी इटलीच्या संस्कृतीत आहे की नाही? सामानाच्या यादीत तरी नाही.

शेवटी अर्जाचं काय झालं ते सांगते. मेहुण्यांना कारखान्यात जे कळलं होतं ते अर्धंच होतं. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये तेर्नीच्या एका शिक्षकाच्या प्रकरणात सांगितलं की क्रूस लावणं सक्तीचं नाही; वर्गाने, शाळेने मिळून ठरवावं, लावायचा तर इतर धर्मांच्या मुलांची चिन्हंही शेजारी लावता येतील, आणि कुणाला अडचण असेल तर सगळ्यांना चालेल असा मार्ग काढावा. म्हणजे हुकूम नाही, बोलणं. मेहुणे म्हणाले, मग शेजारी आपलं चिन्ह लावा म्हणू. पण आपलं चिन्ह कोणतं? चाँद-तारा म्हणावं तर ती झेंड्यावरची खूण. कलमा लिहून लावावा तर खडूच्या धुळीत, चेंडू लागेल अशा जागी तो लावायला बहीण तयार नाही. बराच वेळ आम्ही तिघं गप्प बसलो. मग भाच्याला विचारलं, तुला काय हवं? तो म्हणाला, ‘‘मला मजहबच्या तासाला पाचवीच्या वर्गात मागे बसवतात ते नको.’’

खरी अडचण ही होती, आणि तीन महिन्यांत ती कुणी विचारली नव्हती. तिथे प्राथमिक शाळेत आठवड्याला दोन तास कॅथलिक धर्माचे असतात. ते ऐच्छिक आहेत. प्रवेशाच्या वेळीच बहिणीने नको असं लिहून दिलं होतं. अशा मुलांसाठी वेगळा अभ्यास ठेवायचा असतो, पण शिक्षक कमी पडले की पोरांना दुसऱ्या वर्गात नेऊन बसवतात. आम्ही अर्ज लिहिला तो त्याबद्दल. मी मराठीत सांगत गेले, मेहुणे इटालियनमध्ये लिहीत गेले. क्रूसाचा त्यात उल्लेख नव्हता. मेहुण्यांचं पूर्ण समाधान झालेलं नाही. विमानतळावर सोडायला आले तेव्हाही ते म्हणाले, ‘‘आपा, पण भिंत सरकारची आहे ना?’’ आहे. याचं उत्तर मला देता आलं नाही.

परतीच्या विमानात झोप आली नाही. मी आमच्या शाळेचा परिपाठ डोळ्यांपुढे आणत होते. आमची शाळा उर्दू माध्यमाची. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, आणि मग इक्बाल यांची दुआ. ही दुआ म्हणवून घेतली म्हणून २०१९ मध्ये उत्तर प्रदेशात पिलीभीत जिल्ह्यातल्या एका मुख्याध्यापकांना निलंबित केलं गेलं, तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये किती चिडलो होतो! त्या स्टाफरूममध्ये आमचे गणिताचे सरही बसले होते. ते हिंदू. एकोणीस वर्षं आमच्या शाळेत आहेत. रोज सकाळी दुआच्या वेळी ते शेवटच्या ओळीमागे, हात मागे बांधून, खाली पाहत उभे असतात. बाकी सगळ्यांचे हात दुआला उठलेले. एकोणीस वर्षांत मी, कलम २८ वर चार गुण मिळवलेली बाई, त्यांना कधी काही विचारलं नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडली. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते एकटे दिसले तेव्हा विचारलं, ‘‘सर, परिपाठात दुआ असते, तुम्हाला कधी अवघड वाटतं का? वाटत असेल तर त्या वेळी वर्ग उघडण्याचं काम तुमच्याकडे देता येईल.’’

ते हसले. म्हणाले, ‘‘मॅडम, दुआ मला पाठ आहे. माझ्या मुलीलाही येते.’’ मग डबा बंद करता करता थांबले. ‘‘पण विचारलंत म्हणून सांगतो. गणपतीत गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दरवर्षी घटक चाचणी असते. रात्रभर जागरण, आणि सकाळी साडेसातला पेपर. एकोणीस वर्षं झाली. कुणाला सांगणार?’’

चाचण्यांचं वेळापत्रक आमच्या शाळेत मीच करते. गेली अकरा वर्षं.